डिस्लेक्सिया, एडीएचडी आणि मुलांपर्यंत पोहोचलेली मदत : पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १४ वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची हकिकत छापली. मुलगा चलाख, बीजगणित जमणारा. पण स्वतःचं नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल करणारा. त्याच्या शिक्षकाचं म्हणणं असं की, सगळं तोंडी शिकवलं तर शाळेत हाच सर्वांत हुशार ठरेल. डॉक्टरांनी दोष मेंदूशी जोडून 'शब्दांधत्व' म्हटलं. वाचन-लेखनातल्या या अडचणीला आज डिस्लेक्सिया म्हणतात. उपाय मात्र शिक्षकाच्या बोलण्यात होता.

अमेरिकेत १९२५ पासून डॉक्टर सॅम्युएल ऑर्टन यांनी अशा मुलांचा अभ्यास केला आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी शिकवण्याची पद्धत बांधली : अक्षर बघायचं, उच्चारायचं आणि गिरवायचं, तिन्ही एकत्र. आपल्याकडच्या धुळाक्षरांत गिरवणं होतंच. ध्वनींची पायरी-पायरीने आखणी नव्हती.

एडीएचडीची, म्हणजे अवधान न टिकणं आणि अतिचंचलता या अडचणीची, वाट वेगळी. १९०२ मध्ये लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी व्याख्यानं दिली, तीही 'नैतिक नियंत्रण कमी' या भाषेत. वात्रट, वाया गेलेला हा शिक्का पुसायला दशकं लागली. आजचं नाव मानसिक विकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत १९८७ साली आलं. दोन्ही अडचणी एकाच मुलात अनेकदा असतात, तरी व्यवस्थेने त्यांना वेगवेगळ्या खिडक्यांवर उभं केलं.

महाराष्ट्रात मदत आली ती परीक्षेच्या दारातून. १९९६ साली राज्य सरकारने अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणी) असलेल्या मुलांना सवलती मान्य केल्या. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन सुरू झाली. वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गणकयंत्र अशी ही यादी. पाऊल मोठंच. पण या सवलतींचा एक परिणाम असा की दुसरीत अडखळणाऱ्या मुलाची चौकशी दहावीच्या तोंडावर सुरू होते, आणि पालक प्रमाणपत्रासाठी सायन किंवा नायर रुग्णालयाच्या रांगेत लागतात. वाचायला शिकवणं मागे राहतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

डिस्लेक्सिया ओळखणाऱ्या चाचण्यांची अडचण तर आणखी जुनी. इंग्रजीतल्या चाचण्यांचा नुसता अनुवाद करून मराठीचं भागत नाही. 'कि'मधली ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. जोडाक्षरं, रफार यांचं गणित वेगळंच. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी २०१५ मध्ये आली. तिच्यात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीही आहे. पुढच्या वर्षी दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख त्या यादीत नाही. केवळ अवधान टिकत नसलेल्या मुलाच्या आईवडिलांना शाळेच्या समजूतदारपणावरच विसंबावं लागतं.

वाचनसाहित्याची गोष्ट तुलनेने सरळ आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ब्रेल, ऑडिओ अशा सुलभ स्वरूपातल्या प्रतींना मोकळीक मिळाली. २०१४ मध्ये अशा प्रतींविषयीच्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला सर्वांत आधी मान्यता दिली ती भारताने. त्या करारात अंधांबरोबर वाचनदोष असलेलेही येतात. २०१६ ची 'सुगम्य पुस्तकालय' ही ऑनलाइन ग्रंथसंपदा याच पायावर उभी आहे, तरी बरेच पालक ती फक्त अंधांसाठी समजतात. लहानांसाठी प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे : मराठीतल्या गोष्टी, वाचनपातळीनुसार लावलेल्या, फुकट. तिथे कुणी प्रमाणपत्र मागत नाही.