स्पाइनच्या तरुण संशोधकांसाठीच्या पुरस्काराला अर्ज करताय? आधी तारखा जुळवा

धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या ज्या पोरापोरींनी ऑर्थो किंवा न्यूरोसर्जरी केलीये आणि मणक्याच्या कामावर पेपर लिहिलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. दरवर्षी कुणीतरी विचारतंच की सर अर्ज कसा करायचा, आणि विचारतात तेव्हा लास्ट डेटला चार दिवस उरलेले असतात. आपली असोसिएशन ऑफ स्पाइन सर्जन्स ऑफ इंडिया, बाहेरची स्कोलिओसिस रिसर्च सोसायटी अशा संघटना चांगल्या पेपरला पुरस्कार देतात, फेलोशिपही देतात. नियम प्रत्येकाचे वेगळे आणि बदलतेही, म्हणून त्या वर्षाची नोटीस स्वतः पूर्ण वाचा, सिनियरने मागच्या वर्षी काय सांगितलं त्यावर जाऊ नका.

पात्रतेत पहिला घोळ "तरुण" या शब्दाचा. काही ठिकाणी वय मोजतात, काही ठिकाणी एमएस, डीएनबी किंवा फेलोशिप संपल्यापासूनची वर्षं मोजतात, आणि ती कुठल्या तारखेपर्यंत मोजायची, लास्ट डेट की परिषदेचा दिवस, हे बारीक अक्षरात असतं. बाळंतपणाची सुट्टी घेतलेल्या मुलींनी मेल करून विचारावंच, काही संस्था तेवढी वर्षं सोडून मोजतात, आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. मेंबरशिप लागत असेल तर तिचा फॉर्म आधी भरा, मंजुरीला वेळ लागतो. पेपर आधी कुठे छापून आलेला चालतो का तेही बघा. काम थिसिसमधलं असेल तर पहिलं नाव तुमचं हे गाईडशी आधीच बोलून घ्या आणि सगळ्या लेखकांच्या सह्या घेऊन ठेवा, एकजण गावाला गेलेला असला की अर्ज तिथेच अडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, एथिक्स कमिटीचं, म्हणजे पेशंटवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीचं पत्र. माझ्या एका ज्युनियरने रावेर-यावलकडच्या केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांच्या कंबरदुखीवर खूप मेहनतीने काम केलं, भर उन्हात बागांमध्ये जाऊन फॉर्म भरून घेतले, "मनी कंबर दुखस" (माझी कंबर दुखते) म्हणणाऱ्या माणसाजवळ बसून एकेक प्रश्न समजावला. आणि अर्ज बाद झाला, कारण परवानगीच्या पत्रावरची तारीख पहिल्या पेशंटच्या फॉर्मनंतरची होती. मला अजून त्याचं वाईट वाटतं. "जुने रेकॉर्डच बघतोय, परवानगी कशाला" असंही बरेच म्हणतात, पण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पेशंटच्या संमतीतून सूट द्यायची की नाही हे कमिटी ठरवते, आपण नाही. नवीन उपचार किंवा ऑपरेशनची पद्धत तपासणारी ट्रायल असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी करा, फी लागत नाही, पण 1 एप्रिल 2018 पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधीचीच नोंदणी होते, मागाहून नाही.

पेपरमध्ये कंबरेचा त्रास मोजायला बहुतेकजण ऑस्वेस्ट्री नावाची प्रश्नावली वापरतात, मराठीतही आहे ती, 10 भाग, प्रत्येकाला 0 ते 5 गुण. आपल्याकडचे पेशंट लैंगिक जीवनाचा प्रश्न हमखास कोरा सोडतात, शेजारी सासू नाहीतर पोरगा उभा असतो. मग एका भागाचे 5 गुण कमी धरून बेरजेला 50 ने नाही, 45 ने भागायचं, नाहीतर टक्के चुकतात आणि तपासणाऱ्याला ते लगेच दिसतं.

कागद असे लागतात: पदवी आणि जन्मतारखेचा दाखला, बायोडाटा, विभागप्रमुखांचं पत्र, एथिक्सचं पत्र, अॅब्स्ट्रॅक्ट, पूर्ण पेपर, आणि बऱ्याचदा लेखकांची नावं काढलेली वेगळी कॉपी. या कॉपीत हॉस्पिटलचं नावही उरता कामा नये, मेथड्सच्या परिच्छेदात ते राहून जातं. एक्स-रेचे फोटो मोबाईलने काढलेले असतात, कोपऱ्यातल्या पट्टीवर पेशंटचं नाव आणि तारीख असते, झूम करून बघा आणि ती पट्टी कापून टाका, नुसता काळा चौकोन ठेवला तर कधी कधी तो सरकवता येतो.

आणि आपल्याकडचं काम लहान समजू नका. हाडांच्या टीबीत निम्म्याच्या आसपास केसेस मणक्याच्या असतात, सातपुड्यातल्या पाड्यावरून पाय लुळे पडल्यावर खाटेवर घालून आणलेला पेशंट पहिल्यांदा तुमच्याच ओपीडीत येतो. किती दिवसांनी आला, का उशीर झाला, ऑपरेशननंतर कधी चालायला लागला, हे नीट लिहून ठेवलं तर तोच पेपर होतो.

फॉर्म शेवटच्या रात्री भरू नका, फाइल मोठी असली की अपलोड अडकतं. बाहेरच्या संस्थांची वेळ त्यांच्या देशाच्या घड्याळाप्रमाणे असू शकते, आपल्याशी जुळवून बघा, आणि पोचपावतीचा मेल आला नाही तर स्पॅम बघून दुसऱ्याच दिवशी त्यांना लिहा.