मॅगझिनमध्ये काडतूस अडतं ते नेमकं कुठे?

काडतूस नळीत ढकलणारा बोल्ट मागे जाऊन परत येईपर्यंत मॅगझिनने, म्हणजे काडतुसं साठवणाऱ्या डब्याने, पुढचं काडतूस वर आणून, ठरलेल्या कोनात धरून ठेवायचं असतं. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत त्याला सेकंदाचा दहावा भागही मिळत नाही. हे काम करणारे भाग मोजून चार: पेटी, स्प्रिंग, काडतुसांना खालून रेटणारा फॉलोअर आणि पेटीचे वरचे दोन वळवलेले काठ, म्हणजेच ओठ.

हात लावण्याआधी मॅगझिन काढा, रायफल रिकामी करा, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. घरातली तपासणी फक्त डमी, म्हणजे बारूद नसलेल्या, काडतुसांवर करायची.

प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक टाका. बिघाड एकाच क्रमांकाला होत असेल तर दोष त्या मॅगझिनचा. सगळ्यांनाच होत असेल तर मळलेलं चेंबर, एक्स्ट्रॅक्टर (उडालेलं काडतूस बाहेर ओढणारा आकडा) किंवा काडतुसं तपासा. मग अडण्याची तऱ्हा बघा. बोल्ट काडतुसावरून नुसताच सरकून गेला, तर काडतूस वेळेत वर आलेलं नाही: स्प्रिंग दमलेली, पेटीत मळ, किंवा मॅगझिन पकडणारी खाच झिजून ते खाली बसतंय. काडतुसाचं नाक खाली रुतत असेल तर फॉलोअर पुढे कलतोय का, ते पाहा. एकदम दोन सुटत असतील, तर ओठ फाकले आहेत.

बरेचदा साफसफाईनेच काम भागतं, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. तळाची पट्टी सरकवताना स्प्रिंग अंगठ्याने दाबून धरा, नाहीतर ती डोळ्यावर उडते, चष्मा हवाच. स्प्रिंग कोणत्या बाजूने बसली होती, त्याचा फोटो काढून ठेवा. उलटी बसवलेली स्प्रिंग फॉलोअर वाकडा करते आणि नवाच बिघाड उभा राहतो. पेटी आतून नायलॉनच्या ब्रशने घासा, कोरड्या फडक्याने पुसा. .२२ रिमफायरच्या पेटीत काजळीबरोबर गोळीवरच्या मेणाचाही चिकट थर बसतो. तो सॉल्व्हंटच्या दोन-चार थेंबांनी सुटतो, पण नंतर पेटी पूर्ण वाळवा. आत तेल घालू नका. तेलाला धूळ चिकटते, शिवाय ते प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडातल्या, बारूद पेटवणाऱ्या भागात) झिरपून काडतूस निकामी करू शकतं.

भरून ठेवलं की स्प्रिंग मरते, असं सर्रास म्हटलं जातं. चांगलं पोलाद लवचीकतेच्या मर्यादेत दाबलेलं असेल तर नुसतं दाबून ठेवल्याने फार बिघडत नाही. ते थकतं मुख्यतः पुन्हा पुन्हा दबण्या-सुटण्याने. नव्या स्प्रिंगशेजारी ठेवल्यावर जुनी दोन-तीन वेढ्यांनी आखूड भरली, तर बदला. ओढून लांब केलेली स्प्रिंग थोड्याच दिवसांत पुन्हा आखूड होते.

ओठांमधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने, त्याच बनावटीच्या चांगल्या मॅगझिनशी ताडून मोजा. कापसाचा बोळा काठावरून फिरवा; धागा अडकला तिथे कंगोरा आहे. फाकलेले ओठ पक्कडीने वळवण्याचा मोह टाळावा. थंड पोलाद वाकवलं की ते कडक होतं आणि पुढे तडकतं; प्लास्टिकला चीर पडली तर त्याला इलाजच नाही. असं मॅगझिन बादच करावं.

.३०३ सारख्या कडवाल्या (बुडाची कड बाहेर आलेल्या) काडतुसांत बरेचदा दोष भरणाऱ्याच्या हाताचा असतो. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे हवी. ती मागे राहिली की बोल्टच्या रेट्याने दोन्ही कडा एकमेकींत अडकतात.

जुळवून झाल्यावर डमी भरा आणि वरचं काडतूस अंगठ्याने दाबून सोडा. ते न अडखळता वर यायला हवं. दमलेली स्प्रिंग मात्र या चाचणीतून निसटते, कारण बोल्टच्या झपाट्यापुढे हाताची हालचाल फार सावकाश असते. तिची खरी परीक्षा रेंजवरच होते.