दूध उकळलं की अँटिबायोटिक उडून जातं?

कोल्हापूरकडच्या करवीर-कागल भागात गोठ्यागोठ्यात ऐकू येणारं वाक्य: "इंजेक्शन दिलंय, पण दूध उकळूनच पितात की, औषध जातंय उडून." हे खरं नाही. उकळल्यानं जंतू मरतात. पेनिसिलिन, ऑक्सिटेट्रासायक्लिनसारख्या औषधांचा मोठा अंश मात्र घरच्या उकळीनंतरही दुधात राहतो. आणि कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर तर धारोष्ण दूध प्यायची रीत, तिथं उकळीचा प्रश्नच नाही.

दगडी (कासेचा दाह) झालेल्या म्हशीच्या सडात औषधाची ट्यूब सोडली की औषध थेट दुधातच मिसळतं. अशा दुधाला विरजण लावून बघा: दही नीट लागत नाही, कारण विरजणातले जंतूच औषधानं दबतात. म्हणूनच बाटलीवर किंवा ट्यूबच्या खोक्यावर लिहिलेले दिवस, तेही शेवटच्या डोसपासून मोजून, दूध डेअरीला घालायचं नाही. नुसत्या आजारी सडाचं नव्हे, चारही सडांचं, कारण औषध रक्तावाटे इतर सडांतही उतरतं. वासरालाही ते पाजू नये, त्याच्या पोटात औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात.

दोन-चार दिवसांचं दूध ओतून देणं जिवावर येतं, हे मान्य. पण बराच खर्च मुळात टाळता येतो. तिवा (जनावरांचा तीन दिवसांचा ताप) हा विषाणूचा आजार, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. दगडीत उपचाराआधी दुधाचा नमुना तपासून घ्या, कोणतं औषध लागू पडेल ते कळतं. दुकानातून परस्पर आणलेली ट्यूब हा निव्वळ अंदाज असतो. आणि म्हैस सावरली म्हणून डोस मध्येच सोडायचा की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.