गाणं रेकॉर्ड कराले ग्राफिक्स कार्ड काहून पायजे?

आपल्याकडं पोट्ट्यायले कोणीतरी सांगून ठेवलं आहे का घरी म्युझिक कराचं असन तर गेमिंगवाला पीसीच पायजे, मोठं ग्राफिक्स कार्ड पायजे, अन् मग घरचे कापसाच्या पैशातून तेच घेऊन देतात. राजेहो, आवाजाचं काम जवळपास सगळं प्रोसेसर करते, ग्राफिक्स कार्डाचं काम मुख्यतः स्क्रीनवरचं चित्र, त्याले प्रोसेसरमधलं बिल्ट-इन पुरते. तो पैसा चांगल्या प्रोसेसरात, १६ जीबी रॅममध्ये अन् एसएसडीत घाला.

अन् गाताना हेडफोनात आपलाच आवाज उशिरा येते ना, त्याचंबी कार्डाशी काही घेणंदेणं नाही. बफर म्हणजे पीसी आवाज पुढं धाडाच्या आधी त्याचे जेवढे तुकडे (सॅम्पल) साठवून ठेवते तो साठा. ४४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाले ४४,१०० सॅम्पल, बफर १०२४ सॅम्पलचा असला तर एकट्या बफरचाच उशीर २३ मिलिसेकंद, १२८ केला तर ३ च्या आत. खंजिरीवर ठेका धरणाऱ्याले हा फरक लगेच कळते. पण बफर कमी केला का प्रोसेसरवर ताण येते, आवाज तडतडते, म्हणून प्रोसेसर म्हणतो मी. विंडोजवर असिओ (ASIO, आवाज कमी उशिरात नेणारं) ड्रायव्हरवाला साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक-हेडफोन पीसीले जोडाचा डबा, घ्या, अन् जिथं घडीघडी लाइन जाते तिथं यूपीएस घ्याच, रेकॉर्डिंग चालू असताना पीसी बंद पडला तर टेक, म्हणजे तेव्हा गायलेलं, गेला समजा.