पैसा त्याचा, सही दुसऱ्याची

मनोविकार असलेल्या प्रौढ भावाचं किंवा मुलीचं अपंगत्व अनुदान सांभाळणाऱ्यांची एक तक्रार देशोदेशी सारखीच असते. औषधं आम्ही द्यायची, भाडं आम्ही भरायचं, आणि त्याच्या पैशांना हात लावायचा तर आम्ही कोण हे दरवेळी नव्याने सिद्ध करायचं! या त्रासाचं मूळ जुनं आहे. दुसऱ्याचा पैसा सांभाळण्याचे कायदे मुळात जमीनजुमला असलेल्यांसाठी झाले. दरमहा मिळणारं सरकारी अनुदान त्यांच्या खिजगणतीतच नव्हतं.

रोममध्ये इसवी सनपूर्व ४५०च्या सुमारास झालेल्या कायद्यात वेड लागलेल्या माणसाचा आणि त्याच्या मालमत्तेचा ताबा पितृकुळातल्या नातलगांकडे जाई. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकापर्यंत हा अधिकार राजाकडे आला होता. जन्मतः बुद्धी अधू असलेल्याच्या जमिनीचं उत्पन्न राजा स्वतः घेई. मध्येच भ्रम झालेल्याची मिळकत मात्र राखायची, त्यातून त्याचा आणि घरच्यांचा खर्च भागवायचा आणि तो भानावर आला की परत करायची. माणूस बरा होऊ शकतो, हे त्यात धरलेलं होतं. ‘कायमस्वरूपी’ची चौकट भरायला लावणाऱ्या आजच्या काही फॉर्मांपेक्षा मला ते शहाणपणाचं वाटतं.

ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याचा प्रश्न कायद्यापर्यंत पोचायचं कारणच नव्हतं. जर्मनीने १८८९ मध्ये कामगारांसाठी अपंगत्व विमा आणला, तेव्हापासून हे बदलू लागलं. निर्धन माणसाच्याही नावावर नियमित पैसा येणार होता.

पुढचा सगळ्यात बोलका इतिहास अमेरिकेचा. १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात १९३९ साली दुरुस्ती झाली आणि लाभार्थीची रक्कम नातलगाच्या किंवा अन्य व्यक्तीच्या हाती द्यायची मुभा मिळाली. तेव्हा अपंगत्वाचा लाभच नव्हता. तो १९५६ मध्ये आला, तोही पन्नाशी ओलांडलेल्या कामगारांना. पण लहानपणापासून अपंग असलेल्या प्रौढ मुलांना आईवडिलांच्या सामाजिक सुरक्षेच्या खात्यावर लाभ मिळू लागला. वयाची अट १९६० मध्ये गेली. जानेवारी १९७४ पासून, कधी नोकरीच न केलेल्या गरीब अपंगांनाही वेगळी मदत सुरू झाली.

त्याच काळात मनोरुग्णालयं रिकामी होत होती. १९५५ मध्ये तिथल्या राज्य मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसं होती. नवी औषधं आली, १९६५ नंतर केंद्राचा पैसा अशा रुग्णालयांबाहेरच्या सोयींकडे वळला, आणि रुग्ण घरी, वसतिगृहांत किंवा थेट रस्त्यावर आले. त्यांच्यामागून अनुदान आलं. आई, बहीण, कधी घरमालकीणही ‘रिप्रेझेंटेटिव्ह पेयी’, म्हणजे लाभार्थीच्या वतीने रक्कम घेणारी, झाली. हा दर्जा सामाजिक सुरक्षा कार्यालयच देतं, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. मुखत्यारपत्र मात्र तिथे चालत नाही, आणि हे अनेकांना अर्ज करतानाच कळतं.

ही सोपी वाट किती धोक्याची, ते १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरात दिसलं. खोल्या भाड्याने देणाऱ्या एका बाईच्या आवारात सात मृतदेह पुरलेले सापडले. भाडेकरूंचे सरकारी धनादेश ती वटवत होती. १९९०च्या कायद्याने पेयीची आधी चौकशी करणं सक्तीचं केलं. प्रामाणिक नातलगांवरही वार्षिक हिशेबाचं ओझं होतंच. अपंग मुलासोबत एकाच घरात राहणाऱ्या पालकांची त्यातून सुटका व्हायला २०१८ उजाडलं.

दुसरी गंमत बचतीची. १९७४च्या त्या मदतीसाठी एकट्या लाभार्थीकडे २००० डॉलरहून जास्त शिल्लक चालत नाही, आणि ही मर्यादा १९८९ पासून हललेली नाही. काटकसर करून भावासाठी चार पैसे जमवणाऱ्या बहिणीमुळेच त्याची मदत थांबू शकते. २०१४च्या कायद्याने खास बचत खाती आली, तीही अपंगत्व वयाच्या सव्विशीआधी सुरू झालेल्यांनाच. २०२६ पासून ही अट शेहेचाळिशीपर्यंत सैल झाली.

दरम्यान प्रश्नच बदलला होता. पैसा सुरक्षित कसा राहील, याच्या जोडीला त्या माणसाला काय हवंय, हेही विचारलं जाऊ लागलं. जर्मनीने १९९२ मध्ये प्रौढांचं सरसकट पालकत्व रद्द करून गरजेपुरती मदतनीस-पद्धत आणली. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क कराराच्या बाराव्या कलमाने स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः पाहण्याचा हक्क मान्य केला.

भारतात १९१२ आणि १९८७च्या कायद्यांत मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात ते प्रकरणच उरलं नाही. आता आधार २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या मर्यादित पालकत्वाचा, तेही ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून. २०१७च्या कायद्याने नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, पण तो उपचारांच्या बाबतीत बोलू शकतो, बँकेतल्या खात्यावर त्याची सही चालत नाही.