उपग्रहाला बोअरचं पाणी दिसत नाही
अथणी-चिकोडीकडं बोअर मारताना हमखास ऐकू येतं, ‘मंगळाच्या जमिनीखालचा बर्फ रडारला दिसतो, मग आपल्या रानातलं पाणी का नाही?’ नाहीच दिसत. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स एक्सप्रेस या युरोपच्या यानावरचं मार्सिस रडार 40 मीटर लांब अँटेनातून 1.8 ते 5 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी सोडतं. थंड, कोरड्या थरांत त्या काही किलोमीटर उतरतात. थर बदलला की प्रतिध्वनी परततो. आपली ओली, चिकण काळी माती वीजवाहक, ती लहरी पिऊनच टाकते. जमिनीवरून ओढत नेलेलं रडारसुद्धा तिथं मीटर-दोन मीटरांत आंधळं होतं. तेव्हा उपग्रहाच्या नावानं बोअरचा पॉईंट (कुठं खणायचं ती जागा) विकणाऱ्याला पैसे देऊ नका. चार खुंट्या ठोकून जमिनीचा विद्युतरोध, म्हणजे ती वीज किती अडवते ते, मोजून घ्या. त्यातूनही हमी मिळत नाही, खडकातल्या ओल्या भेगांचा अंदाज मिळतो.