इराकवरच्या पुस्तकांमागचे कागद

आधुनिक इराकचा इतिहास वाचायला घेतला, की पहिली पुस्तकं हाती येतात ती तिथं राज्य करायला गेलेल्या ब्रिटिशांची. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला उतरलेली फौज हिंदुस्थानातून गेली होती. एप्रिल १९१६ मध्ये कुत या गावी तुर्कांना शरण गेलेली सहावी पुणे डिव्हिजन याच फौजेतली, आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या. फौजेमागोमाग हिंदुस्थानी धर्तीचे कायदे गेले, रुपयाही गेला. तो १९३२ साली दिनार येईपर्यंत चालला. साहजिकच इराकवरची टिपणंही कचेरीच्या नजरेनं लिहिली गेली: टोळी कोणती, शेख कोण, भरवशाचा आहे की नाही. गर्ट्रूड बेल या ब्रिटिश अधिकारी बाईंचा १९२० चा अहवाल आणि लाँग्रिग या ब्रिटिश अधिकाऱ्याचं ऑटोमन (तुर्की) काळावरचं १९२५ चं पुस्तक याच परंपरेतलं. माहिती ठासून भरलेली, पण पाहणारा खुर्चीत बसलेला.

इराकी माणसानं स्वतःच्या समाजाकडे रोखून पाहिलं ते अली अल्-वर्दी यांच्या लेखनात. बगदादजवळच्या काझिमियात १९१३ साली जन्मलेले वर्दी अमेरिकेत टेक्सासला समाजशास्त्र शिकून परतले. वाळवंटी टोळ्यांची मूल्यं आणि शहरी जगणं यांची ओढाताण इराकी माणसाच्या आत चालू असते, हा त्यांचा सिद्धांत. तो जरा सरसकट वाटतो. पण साध्या अरबीत लिहून त्यांनी पंडितांचा रोष ओढवून घेतला आणि वाचक मिळवले. १९६९ पासून निघालेल्या त्यांच्या सामाजिक इतिहासाचा एक अख्खा खंड १९२० च्या ब्रिटिशविरोधी उठावावर आहे.

कवितेत जुन्या छंदांची मोडतोड त्याआधीच झाली होती. इजिप्तमधल्या कॉलऱ्याच्या साथीवर नाझिक अल्-मलाइका यांनी १९४७ मध्ये लिहिलेली कविता आणि त्याच सुमारास बद्र शाकिर अस्-सय्याब यांनी केलेले प्रयोग, इथून अरबी मुक्तछंद सुरू झाला असं मानतात. पहिलं कोण, हा वाद मात्र मिटलेला नाही.

माझ्या मते इराकवरचं सगळ्यात मोठं पुस्तक हन्ना बताटू यांचं आहे. ते स्वतः जेरुसलेमचे, पॅलेस्टिनी. १९७८ मध्ये प्रिन्स्टनहून निघालेला त्यांचा बाराशेहून अधिक पानांचा ग्रंथ जमीनदार, व्यापारी, कम्युनिस्ट, बाथवाले (सद्दामच्या बाथ पक्षाचे लोक), सगळ्यांची कुंडली मांडतो. आणि ती मांडली कशाच्या आधारे? बरीचशी राजेशाहीच्या गुप्त पोलिसांच्या फायलींवरून. कम्युनिस्टांना पकडण्यासाठी पोलिसांनी एकेकाचं नाव, गाव, पंथ, धंदा टिपून ठेवला होता. त्याच नोंदी पुढे बताटूंच्या तक्त्यांत उतरल्या. तुरुंगातल्या कम्युनिस्टांना ते स्वतःही भेटले होते.

सद्दामच्या काळात फायली वाढल्या, पण त्या पाहायला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. इराकी लेखक कनान मकिया यांनी बाथ राजवटीवरचं पुस्तक १९८९ मध्ये परदेशातून, समीर अल्-खलील या टोपणनावानं काढलं. एप्रिल २००३ मध्ये बगदाद पडलं, राष्ट्रीय ग्रंथालय जळालं. गुप्तहेर खात्याच्या पाणी भरलेल्या तळघरात इराकी ज्यूंची पुस्तकं आणि दप्तरं सापडली. १९५०-५१ मध्ये देश सोडून गेलेल्या सव्वा लाखाच्या घरातल्या समाजाचे हे अवशेष अमेरिकेला नेले गेले. बाथ पक्षाच्या दप्तरांचा मोठा साठा मकियांच्याच संस्थेनं गोळा केला. तोही पुढे कॅलिफोर्नियातल्या हूव्हर इन्स्टिट्यूशन या संशोधन संस्थेत पोचला. परक्या फौजेच्या काळात एका देशाची दप्तरं बाहेर नेणं रास्त होतं का, यावर बगदादचे ग्रंथपाल आणि परदेशातले अभिलेखपाल कडाडून भांडले.

बाथ पक्षाच्या त्या साठ्यातून पुस्तकंही निघाली. जोसेफ ससून यांचं बाथ पक्षावरचं २०१२ चं पुस्तक त्यातलं ठळक. हे ससून बगदादला जन्मलेले, आणि मुंबईला ससून डॉक देणाऱ्या घराण्याच्या बगदादेतच राहिलेल्या शाखेतले. बाथ पक्षाचे मूळ कागद २०२० मध्ये बगदादला परत गेले, डिजिटल प्रती हूव्हरकडेच राहिल्या.